छत्रीच्या कापडाचा गोफ

आमच्या वर्गात ‘नाच’ हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती. म्हणायचं ‘कवायत’. साताऱ्यात त्या काळी चांगल्या घरच्या मुली नाचत नसत, कवायत करत. टिपऱ्या घेऊन केली तरी कवायत, फेर धरून केली तरी कवायत. भगिनी मंडळाच्या माडीवरून आम्ही संध्याकाळी घामाघूम होऊन घरी निघायचो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या काकू विचारायच्या, “झाली का गं कवायत?” आणि पदराआड हसायच्या. मला असा संताप यायचा. राग माझ्या नाकावर जन्मापासून बसलेला आहे, तो अजून उठलेला नाही.

वर्ग घ्यायला एक बाई होत्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, पुण्याला राहून आल्या होत्या. अंगानं काडीसारख्या, पण आवाज फौजदाराचा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी, मंडळाचा कार्यक्रम असायचा. फक्त बायकांसाठी. बायका माहेरी आलेल्या असायच्या, फराळाचे डबे उघडे असायचे, पुरुष घरी झोपलेले असायचे. त्या वर्षी कार्यक्रमाचा शेवट आमच्या गोफानं व्हायचा होता.

हल्ली गोफ म्हणजे काय ते सांगावं लागतं. लग्न होऊन मी सांगलीला आले त्याला किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. आता विश्रामबागेत राहते, आणि समोरच्या इमारतीत मुलींचा डान्स क्लास चालतो. तिथल्या एकीला विचारलं, गोफ येतो का गं तुम्हांला? ती म्हणाली, कुठल्या पिक्चरमधला? म्हणून सांगते. छताच्या कडीला आठ लांब पट्ट्या बांधायच्या आणि आठ मुलींनी एकेका पट्टीचं टोक धरून गोलात उभं राहायचं. चौघी इकडून निघतात, चौघी तिकडून. समोरून येणारीच्या एकदा आतून जायचं, पुढचीच्या बाहेरून, परत आतून. फिरता फिरता वर पट्ट्यांची वेणी पडत जाते आणि खाली उतरत येते. मग म्होरकी ‘उलट’ म्हणते. सगळ्यांनी जागच्या जागी वळायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं, म्हणजे वेणी सुटत जाते. विणताना कोणी चुकलं तर कळत नाही. सोडवताना कळतं, कारण तिथंच गाठ बसते आणि सगळ्या सभेदेखत सगळं अडतं.

म्होरकी मी होते. घरात मी कोण? पाणी आण, पाट मांड, धाकटा रडतोय त्याला कडेवर घे, एवढ्यापुरती. पण त्या गोलात सात मुली माझ्या ‘आत’ आणि ‘बाहेर’वर फिरायच्या. मला ते फार आवडायचं. कवायत नव्हे, नाचच आवडायचा. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही, आता बोलायला कुणाच्या बापाची भीती नाही.

वडील कचेरीत कारकून होते. आवाज चढवायचे नाहीत, पण एकदा बोलले की बोलले. मला वर्गाला पाठवताना त्यांनी आईला सांगितलं होतं, “मोठी होईपर्यंत जाऊ दे.” मोठी म्हणजे उंचीनं नव्हे, हे घरात सगळ्यांना कळत होतं. वर्गातल्या दोघी अशाच गेल्या होत्या. काल होत्या, आज नाहीत, आणि कुणी काही विचारत नसे. मला तेरावं लागलं होतं. रोज सकाळी उठले की पहिला विचार तोच, आणि देवाला एकच सांगणं, निदान दिवाळीपर्यंत थांब रे बाबा.

घरात खरा धाक होता आत्याचा. वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तांबडं आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, पदराखाली केस नाहीत. पन्नाशी उलटली होती. स्वयंपाकघर तिचं, आणि तिचं सोवळं म्हणजे विचारू नका. तिच्या तोंडून मी जन्मात सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द ‘शिवू नकोस’. सोवळ्यात असताना कोणी शिवलं तर तिला पुन्हा अंघोळ, पुन्हा ओलेत्यानं सगळं पहिल्यापासून. कार्तिकात तर ती एकवेळच जेवायची, स्वतःच्या हातानं सोवळ्यात रांधलेलं. ते बिघडलं तर त्या दिवशी उपास. मी तिच्यापासून चार हात लांब असायची. माया वगैरे काही वाटत होती असं म्हणणार नाही, मला तिची भीती वाटायची.

आणि नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी व्हायचं ते झालं.

मी परसात गेले आणि कळलं. तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. रडले नाही. डोकं एकदम थंड झालं आणि मी ठरवून टाकलं की आज कुणाला म्हणून सांगायचं नाही. दुपारी गोफ करायचा, संध्याकाळी घरी यायचं आणि मग सांगायचं की आत्ताच झालं. कुणाला काय कळतंय? सात मुलींच्या अंगावरून जाईन, त्यांच्या आया घरी जाऊन देवाला शिवतील, त्या पापाचं काय व्हायचं ते होवो. इतकी निगरगट्ट झाले होते मी.

तशीच मागच्या दारानं आत आले. बोळातून आत्या येत होती, नुकतीच अंघोळ करून, ओलं नेसून, हातात पाण्याची कळशी. बोळ तो केवढासा. रोजचं असतं तर ती म्हणाली असती, बाजूला हो, शिवू नकोस, आणि मी जरा अंग चोरून गेले असते. पण त्या दिवशी ती बोलायच्या आत मीच मागं उडी मारली. नुसती मागं नाही, दाराबाहेर, परसातल्या पायरीखाली. पाय घसरला, ढोपर फुटलं.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. वहिनीला, भाच्यांना, शेजारणींना चाळीस वर्षं बाजूला बसताना बघितलेली बाई. तिला काय सांगावं लागतंय?

“कधी?” तिनं विचारलं.

“आत्ता.”

“शिवलीस कुणाला?”

“नाही.”

“आज कवायत आहे ना तुमची? सांगणार होतीस का?”

मी मान खाली घातली. खोटं बोलायची तिच्यापुढं छाती नव्हती. म्हटलं, “झाल्यावर सांगणार होते.”

“म्हणजे साऱ्या गावाला शिवायला निघाली होतीस. मग मला का नाही शिवलीस?”

हे मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “तुझा कार्तिक आहे. तुला जेवता आलं नसतं.” आणि मग मात्र जे रडू फुटलं ते आवरेना. गोफ गेला म्हणून रडले, ढोपर दुखलं म्हणून रडले, आणि आता आयुष्यभर पाटपाणी करत बसायचं म्हणून रडले. आत्या कळशी हातात तशीच धरून उभी होती. समजूत घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाली, “नाक पूस,” आणि आत गेली.

आत तिचं आणि आईचं बोलणं सुरू झालं, ते मला परसात ऐकू येत होतं. आईचा जीव दोन्हीकडून कोंडला होता. मला पाठवलं तर सात घरांना विटाळ. न पाठवावं तर ऐन दिवशी म्होरकीच नाही, म्हणजे का नाही हे न सांगता गावाला समजणार, आणि मुलगी मोठी झाली अजून लग्नाचं बघत नाहीत का, ही चर्चा दुसऱ्या दिवसापासून सुरू.

“ताप आला म्हणून निरोप धाडू, वन्सं,” आई म्हणाली.

“भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ताप. बायका काय दूधखुळ्या आहेत?” आत्या म्हणाली. मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग तिनं विचारलं, “त्या गोफात मुली एकमेकींना शिवतात का गं?”

आईनं मला हाक मारून विचारलं. मी परसातूनच ओरडून सांगितलं की मुळीच नाही. खांद्याला खांदा लागला तर बाई टिपरीनं बडवतात. फक्त वर पट्ट्या एकमेकींवर पडतात.

“पट्ट्या कसल्या आहेत?”

पट्ट्या सुती होत्या. लढाई संपली होती पण कापडाचं रेशनिंग संपलं नव्हतं. जुनी धोतरं आणि विटकी लुगडी फाडून, शिवून, आम्हीच त्या हळदीत, कावेत आणि मिळेल त्या रंगात बुडवल्या होत्या. एकेका मुलीचा एकेक रंग.

“सुती,” आत्या स्वतःशीच म्हणाली. “सुताला लागतो. रेशमाला नाही लागत.”

हे माझ्या सुनेला सांगितलं की ती हसते. पण तसंच होतं. बाहेर बसलेल्या आईकडे तान्हं मूल जायला लागलं की त्याला रेशमी नाहीतर लोकरी झबलं घालायचे आणि सोडायचे. रेशमाला विटाळ नाही, लोकरीला नाही, धातूला पाणी लावलं की झालं. ही सगळी कलमं आत्याला तोंडपाठ. आयुष्यभर तिनं ती दुसऱ्यांना लांब ठेवायला वापरली होती. त्या दिवशी तिनं आलवण सारखं केलं, जेवायलाही थांबली नाही, आणि आईला म्हणाली, “मी मंडळात जाऊन येते. हिला मागून येऊ दे, लांबून.”

आई बघतच राहिली. विधवा बाईनं हळदीकुंकवाच्या घरी पाऊल टाकायचं नाही, हा नियम आत्याइतका कुणी पाळला नव्हता.

माडीवर तयारी चालली होती. बाई होत्या, अध्यक्षीणबाई होत्या, मुली आणि त्यांच्या आया होत्या. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबले. आत्या वर गेली तशी सगळ्या गप्प झाल्या. एकीनं हळदीकुंकवाचं तबक हळूच मागं सरकवलं, ते मला खालूनही दिसलं. आत्यानंही बघितलं असणार. ती दाराशीच उभी राहिली आणि जे झालं होतं ते सरळ सांगून टाकलं. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “हे सगळं खुळचट आहे. आणि तुम्ही सांगितलंत कशाला? मुलगी येऊन गोफ करून गेली असती, कुणाला कळलंही नसतं.”

“तुम्हांला खुळचट वाटतं, तुम्ही खुशाल माना,” आत्या म्हणाली. “या बायकांना वाटत नाही. त्यांना न सांगता त्यांच्या मुलींना विटाळात घालायचं ही फसवणूक. मी चोरून करायला नाही आले. नीट करायला आले.”

मग जो वाद झाला तसा कोर्टातही होत नसेल. आत्या एकेक कलम मांडायची आणि कोणीतरी ते हाणून पाडायला बघायचं. पट्ट्या रेशमी केल्या तर? मग पट्ट्यांचं मिटलं. वरची कडी लोखंडी आहे, तिला काही नाही. आणि जाजम? वकिलीणबाईंनी जाजम काढलं. जाजम सुती, एकाच जाजमावर ती पण नाचणार आणि आम्ही पण बसणार, म्हणजे सगळी सभा विटाळली. सगळ्यांच्या माना डोलल्या. आत्या म्हणाली, “मधलं जाजम गुंडाळा. पोरी फरशीवर नाचतील.” जाजम गुंडाळलं. मग एकीला शंका, की फरशी तरी एकच आहे. आत्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती शंका तिनं परत घेतली. बाई कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

एवढं झालं आणि गाडं अडलं ते रेशमावर. आठ लांब पट्ट्या व्हायला रेशीम आणायचं कुठून? घरोघरी एखादी पैठणी, एखादा शालू, तोही पेटीच्या तळाशी. तो फाडायला कोण देणार? मीही मनातून सोडून दिलं. एवढ्या बायकांनी माझ्यासाठी डोकं चालवलं, हेच खूप झालं असं स्वतःला सांगितलं, पण ते काही खरं नव्हतं. मला गोफ हवा होता.

तेव्हा आमच्यातल्या एकीची आई पुढं आली. तिचा नवरा फौजेत हवालदार. शेती कराडजवळ मलकापुरात, पण मुलीच्या शाळेसाठी ही साताऱ्यात खोली घेऊन राहायची. मंडळात ती कधी बोलत नसे, आपल्या बोलीला या हसतील म्हणून.

“आवं, आमच्यात येवढं न्हाई काय,” ती म्हणाली. “पोरगी नाचती तर नाचू द्या की. पर तुमास्नी रेशीमच पायजे आसंल तर माझ्याकडं हाय. आमच्या मालकांनी ब्रह्मदेशातनं आणलंया. इमानातनं उड्या मारत्यात बगा, त्या छत्रीचं कापड. लय मोठं हाय.”

ती घरी जाऊन घेऊन आली. हे एवढं पांढरंशुभ्र गाठोडं, उलगडलं तर निम्मी माडी भरली. बायका हात लावून बघायला लागल्या. साहेबाचं रेशीम, हे खरं का खोटं, अशी कुजबुज सुरू झाली. आत्यानं एक धागा ओढून मागितला, निरांजनावर धरला आणि नाकाशी नेला.

“केस जळल्यासारखा वास येतो. रेशीमच आहे,” ती म्हणाली.

हवालदारीणबाई म्हणाल्या, “मग फाडा.” त्यांनीच पहिली कड दातानं तोडली आणि टर्रकन पट्टी काढली. त्या कापडाची त्यांना चोळ्या-झबली शिवायची होती. आता पट्ट्यांची काय झबली व्हायची? मी जिन्याखाली बसून तो फाटण्याचा आवाज ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो लपवावा लागत होता. असल्या दिवशी आनंद होतो हे कुणाला दाखवायचं?

पण एक भानगड कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बाईंनी आम्हांला गोफ शिकवला होता रंगांवर. तांबडी आली की आत जा, हिरवी आली की बाहेर. महिनाभर मुलींनी तेच घोकलं होतं. आता आठही पट्ट्या पांढऱ्या. रंगवायला वेळ नाही, ओल्या पट्ट्या वाळायला तर नाहीच. एकदा करून बघितला तर तिसऱ्याच फेऱ्यात सगळ्या गोंधळल्या आणि रेशीम ते, सरकन घसरून अशी गाठ बसली की बाईंना स्टुलावर चढून सोडवावी लागली. दोघींना रडू आलं. बाई मला लांबून म्हणाल्या, “आता पट्टीकडे कुणी बघायचं नाही. सगळ्यांनी हिचा आवाज ऐकायचा. तू प्रत्येक वळणाला बोलायचंस. तू चुकलीस तर संपलं.”

दुपारी माडी भरली. बायका, पोरं, बाळंतिणी, चिवड्याचे पुडे. आत्या घरी गेली नव्हती. सगळ्यांच्या मागं, दाराच्या आडोशाला, जिथून हळदीकुंकू देणारीला ती दिसणार नाही अशा जागी भिंतीला टेकून बसली होती. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. मग पेटीवर आमचं गाणं सुरू झालं आणि आम्ही उघड्या फरशीवर उभ्या राहिलो. मधलं जाजम का काढलंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणामुळं तेही. शंभर डोळे माझ्यावर. लाज वाटली का? वाटली. पण पहिलं ‘आत’ म्हटलं आणि सात जणी फिरल्या, तशी ती लाज कुठं गेली कोण जाणे.

आत, बाहेर. आत, बाहेर. रेशीम सुतासारखं अडखळत नाही, हाताला थंड लागतं. पट्ट्या वर एकमेकींवर अलगद पडत होत्या. रंग नसल्यामुळं कुणाची कुठली ते दिसतच नव्हतं, नुसती एक पांढरी वेणी छतापासून निघून खाली येत होती. बायकांचं बोलणं थांबलं. पोरंही गप्प झाली. मी कधी नाचले नव्हते तशी नाचत होते.

ठरल्याप्रमाणं वेणी डोक्याच्या वर हातभर आली की मी ‘उलट’ म्हणायचं होतं. ती तिथवर आली. गाणं शेवटच्या ओळीवर आलं. मी म्हटलं, “आत.”

मला ‘उलट’ म्हणवेना. म्हटलं की वेणी सुटायला लागणार, ती सुटली की गोफ संपला, आणि गोफ संपला की माझं सगळंच संपलं. उद्यापासून वर्ग नाही. तेवढा एक फेरा, मग आणखी एक. पेटीवाल्या बाईंनी बाईंकडे बघितलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पट्ट्या आखूड होत गेल्या तसा आमचा गोल आवळत चालला. समोरून येणारीचा श्वास तोंडावर लागायला लागला. आता वीतभर अंतर राहिलं होतं. कुणाचा खांदा लागला असता तर आत्याची सगळी कलमं वाया, आणि सभेदेखत वाया. मला ते दिसत होतं. तरी मी म्हटलं, “बाहेर.”

हवालदाराची मुलगी जवळून जाताना दबक्या आवाजात म्हणाली, “म्हण की गं उलट. लागंल आता.”

तिच्या आईचं कापड माझ्या हातात होतं. मी म्हटलं, “उलट.”

सगळ्या वळल्या. एकही गाठ बसली नाही. वेणी जशी पडली होती तशी सुटत गेली, आणि शेवटी आठ पट्ट्या आठ जणींच्या हातात मोकळ्या राहिल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई रडत होत्या, फौजदाराचा आवाज पार गेला होता. मी कुणालाही न शिवता जिना उतरले.

घरी येताना आत्या पुढं आणि मी दहा हात मागं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, मी उशीर केला म्हणून रागावली असेल, आणि रागावायचा तिला हक्कच होता.

दिवेलागणीला वडील घरी आले. मी परसाच्या खोलीत बाजूला बसले होते. आईनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं. आता तो वर्ग बंद.” एवढंच. मी गुडघ्यात डोकं घातलं.

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. “बंद कशाला?”

“अक्का, रीत आहे ती. तुला काय सांगायचं?”

“रीत मला नको सांगूस. आज सगळी रीत सांभाळून नाचली ती. पुढंही सांभाळून नाचेल.” मग ती बाहेर ओटीवर आली असावी, कारण आवाज जवळ आला. वडिलांसमोर ती कधी बसत नसे, त्या दिवशी बसली. “तुला आठवतं का रे, माझे केस काढले तेव्हा तू या खांबाला धरून ओरडत होतास? पाच वर्षांचा होतास. न्हाव्याला दगड मारलास तू.”

वडिलांचा पाट सरकल्याचा आवाज आला.

“आज पोरींनी छतापासून वेणी घातली. पांढरी. ही मेली उलट म्हणेचना. आणि मी दाराआड बसून म्हणत होते, नको म्हणू, आणखी जरा येऊ दे खाली. माझे राहिले असते तर आता असेच पांढरे झाले असते. एवढेच लांब झाले असते.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.”

मग वडिलांच्या खाकरण्याचा आवाज आला. त्यांनी आईला हाक मारली आणि विचारलं, “तो वर्ग सुट्टी संपल्यावर कधी सुरू होतो?”